ओळखीचं रक्त

माझ्या आत्याचं आडनाव लोखंडे नाही. तरी संस्थेत सगळे तिला लोखंडेबाई म्हणायचे, आणि नवीन लागलेल्या माणसाला हे टोपणनाव आहे हे कळायला वर्ष तरी जायचं. एकदा तिच्या खोलीच्या दारावर पाटीसुद्धा त्याच नावाची लागली. पाटीवाल्याला कुणीतरी तोंडी नाव सांगितलं होतं. आत्याने ती पाटी बदलून घेतली नाही. म्हणाली, "अक्षर चांगलं आहे."

नाव पडायचं कारण साधं होतं. माणसाने लोहाची गोळी गिळली की तिचं पुढे काय होतं, या एकाच प्रश्नाच्या मागे ती उभं आयुष्य लागली होती. आपल्याला वाटतं, गोळी पोटात गेली की काम झालं. आत्याच्या मते गोळी पोटात जाणं म्हणजे पाहुणा फाटकाशी येणं. त्याला घरात घ्यायचं की नाही हे आतडं ठरवतं, आणि आतडं मोठं चिक्कू असतं. थोडंसं आत घेतं, बाकीचं आल्या पावली परत पाठवतं. हे परत पाठवलेलं गोळा करून मोजणं हा आत्याच्या तरुणपणीच्या कामाचा मोठा भाग होता. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आजोबा "मोजमाप" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

आत्याने लग्न केलं नाही. तिच्या कामामुळे जमलं नाही असं बाबांचं म्हणणं होतं. आत्याचं म्हणणं, जे जमत होते ते तिला पसंत नव्हते.

ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायची. आली की आधी टेबलावरचे चहाचे कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवायची. जेवताना चहा प्यायला की अन्नातलं लोह चहाच धरून बसतो, हे वाक्य मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकत आले आहे. बाबा तिचे धाकटे भाऊ. गाडी शिकवायची त्यांची शाळा होती, म्हणजे एक गाडी होती आणि बाबा होते. ते आत्याला भंगारवाली म्हणायचे.

"काय ताई, आज काय भाव चाललाय?"

"तुला विकायचं आहे का काही?"

"मी आहे की. घेतेस?"

"गंजलेलं आम्ही घेत नाही," आत्या म्हणायची, आणि मग दोघं जेवायचे. या दोघांचं प्रेम आहे की नाही हे मला मोठी होईपर्यंत ठरवता आलं नव्हतं.

आता त्या रक्ताबद्दल सांगते.

शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारं एक प्रथिन रक्तात सापडतं. ते मोजायचं एक यंत्र आत्याच्या लॅबमध्ये होतं. यंत्र बरोबर मोजतंय की नाही हे बघायला तयार नमुन्यांच्या बाटल्या मिळतात, ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो. पण त्या बाहेरून यायच्या, उशिरा यायच्या, आणि वाटेत तापून खराब झाल्या नसतील याची आत्याला कधीच खात्री वाटायची नाही. म्हणून तिने स्वतःची सोय केली होती. दर सोमवारी सकाळी काही न खाता ती लॅबमधल्या नर्ससमोर हात पुढे करायची. नर्स दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची, आणि आठवड्यातला पहिला नमुना म्हणून तेच यंत्रात जायचं. वर्षानुवर्षं तो आकडा जागचा हलला नव्हता.

"बाटलीतलं रक्त कुणाचं, कुठलं, मला काय माहीत?" आत्या म्हणायची. "हे ओळखीचं आहे."

त्या वर्षी तिच्याकडे एक मोठं काम होतं. संस्थेच्या आवारात नर्सिंगचं कॉलेज आहे. तिथल्या बऱ्याच मुलींच्या अंगात लोह कमी. त्यांना गोळ्या द्यायच्या आणि साठा किती वाढतो ते पाहायचं. प्रश्न असा होता की गोळी रोज द्यावी की एक दिवसाआड. रोज गोळी आली की यकृत सावध होतं आणि आतड्याला निरोप पाठवतं, पुरे, दार लाव. म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी बंद दारावर आपटून परत. एक दिवस मध्ये गेला की निरोप जुना होतो आणि दार पुन्हा किलकिलं होतं. असं असेल तर निम्म्या गोळ्यांत तेवढंच काम व्हायला हवं, आणि पोरींची मळमळही निम्मी व्हायला हवी. दुसऱ्या देशांतल्या लोकांनी हे करून पाहिलं होतं आणि त्यांना तसंच आढळलं होतं. आत्याला ते आपल्या मुलींवर बघायचं होतं.

गोळ्या दोन खेपांत आल्या, म्हणून आधी रोजवाल्या मुली झाल्या आणि नंतर दिवसाआडवाल्या.

पहिली खेप चालू असतानाच सोमवारचा आकडा हलला. थोडाच हलला, पण वर. आत्याने ठरवलं, यंत्र चढं मोजतंय. शेजाऱ्याचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे माहीत असलं की आपण ती पाच मिनिटं वजा करतो. तिने मुलींच्या आकड्यांतून तेवढा हिस्सा वजा केला. पुढच्या महिन्यात आकडा आणखी वर. तिने आणखी वजा केलं. तयार नमुन्याची एक बाटली आली होती ती लावून पाहिली, तर यंत्र अगदी बरोबर. तेव्हा तिने बाटली शिळी ठरवली.

मग तिने मशीनवाल्याला बोलावलं. हा यंत्राच्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस. जाडसर, शांत. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं.

"यंत्र ठीक आहे, बाई."

"ठीक असतं तर मी बोलावलं असतं का?"

"लोक बोलावतात."

आत्याचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि त्याला कारण होतं. तो प्रत्येक यंत्राला ठीक आहे म्हणायचा. शेजारच्या विभागातल्या एका यंत्रातून धूर निघत असताना त्याने तेच सांगितलं होतं. तो महिन्यामागून महिने येत राहिला, फुंकर मारत राहिला आणि ठीक आहे म्हणत राहिला. आकडा चढत राहिला. आत्या वजा करत राहिली.

दिवसाआडवाल्या मुलींचे निकाल आले तेव्हा वजाबाकी बरीच मोठी झालेली होती. साहजिकच त्यांचा साठा फारसा वाढलेला दिसला नाही. रोजवाल्या मुली त्यांच्या कितीतरी पुढे. म्हणजे जगाचं एक आणि आत्याचं एक निघालं. तिने सगळं पुन्हा तपासलं, पुन्हा तेच आलं. विभागप्रमुख खूष झाले. वेगळा निष्कर्ष काढणाऱ्याकडे लोकांचं लक्ष जातं, असं त्यांचं मत होतं. लेख छापून आला. त्याच्या जोरावर संस्थेच्या दवाखान्यात रोजचीच गोळी कायम राहिली, आणि मुली रोज गोळी घेऊन वर्गात पोट धरून बसत राहिल्या. आत्यालाही थोडा अभिमान वाटला असावा. त्या रविवारी ती आमच्याकडे आइस्क्रीम घेऊन आली होती, जे ती एरवी कधीच आणत नसे.

शेवटी तक्रारींना कंटाळून संस्थेने नवीन यंत्र घेतलं. मशीनवाल्यानेच ते बसवून दिलं, आणि पहिल्या सोमवारी तोही हजर होता. सोमवारी सकाळी नर्सने नेहमीसारखं रक्त काढलं, नमुना लावला, आणि आकडा मागच्या सोमवारपेक्षाही वर आला.

नर्स म्हणाली, "बाई, हेही बिघडलेलंच पाठवलंय त्यांनी."

पुढचं सगळं नर्सने मला नंतर सांगितलं. आत्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ छापील कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू बस. तुझं काढते." नर्सचं रक्त लावलं. साधा, चारचौघींसारखा आकडा आला. मग तिने मशीनवाल्याकडे पाहिलं.

"बाही वर करा."

"मी नाश्ता केलाय, बाई."

"चालतं याला."

त्याचाही आकडा जिथे असायला हवा तिथे आला. मग नर्सचं आणि त्याचं रक्त जुन्या यंत्रात घातलं. तिथेही तेच आकडे. मशीनवाला बाही खाली करत म्हणाला, "मी म्हणालो होतो, यंत्र ठीक आहे." या खेपेला ते खरं होतं.

आत्या उठली, तिने हात धुतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिच्या नोकरीत हे नवीन होतं.

पोटाच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. हा तरुण माणूस, तिच्या कामाची त्याला काही कल्पना नव्हती. लोह शरीरात आलं की बाहेर जायला खास वाट नसते, तो म्हणाला. म्हणून सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर असतो. यकृत निरोप पाठवतं, आतडं दार लावतं. काही लोकांत हा निरोप जन्मापासूनच नीट जात नाही. दार कायम उघडं. लोह येत राहतं आणि साठत राहतं, यकृतात, सांध्यांत, हृदयात, जिथे जागा मिळेल तिथे. बायकांचं पाळीत थोडं थोडं जात असतं, म्हणून त्यांना उशिरा कळतं.

"तुमची पाळी कधी गेली?"

आत्याने सांगितलं. आकडा चढायला लागला त्याच्या आदल्या वर्षी.

तिने हे सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. नंतर मी विचारलं, "आत्या, तुला तर हे सगळं पाठ आहे. तू त्याला सांगितलं का नाहीस?"

"त्याने छान समजावलं," ती म्हणाली. "माझ्याबद्दल कुणी समजावलं नव्हतं ना आधी."

निघताना डॉक्टरने विचारलं, "सख्खी भावंडं आहेत का कुणी?"

"एक भाऊ आहे."

"तपासून घ्या त्यांना. आई-वडील दोघांकडून आलेलं असतं हे. भावंडांत असण्याची बरीच शक्यता असते."

दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये बाबा घरी जेवायला यायचे. मीही त्या दिवशी घरी होते. बेल वाजली आणि आत्या आत आली, ऑफिसच्या वेळात, पर्स खांद्याला तशीच. बाबा जेवत होते आणि ताटाशेजारी चहाचा कप होता. आत्याने कप पाहिला, आणि तो उचलला नाही. खुर्ची ओढून समोर बसली. काहीतरी बिनसलंय हे आईला तेव्हाच कळलं. ती गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली.

"हात दाखव," आत्या म्हणाली.

"भविष्य सांगायला लागलीस? बरं झालं, भंगारात काही राहिलं नाही."

"मूठ वळ."

बाबांनी मूठ वळायचा प्रयत्न केला. पहिली दोन बोटं पुरती वळेनात. ती वर्षभर दुखत होती. गिअर टाकून टाकून होतं असं, ते म्हणायचे, आणि आम्हाला ते पटलं होतं. साखर वाढली होती तीही बैठ्या कामामुळे. रंग मात्र चांगला आला होता. दोन वर्षांत बाबा असे तांबूस झाले होते की भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, तब्येत सुधारली तुमची.

"हा रंग कसला?"

"उन्हाचा. दिवसभर गाडीत असतो मी."

"तुझी खिडकी कुठल्या बाजूला?"

बाबांनी डावा हात वर केला.

"मग उजवा गाल?"

बाबांनी उजव्या गालाला हात लावला. आईने बाबांच्या दोन्ही गालांकडे आळीपाळीने पाहिलं. तो रंग रोज बघत होतो आम्ही सगळे.

आत्याने मग जे होतं ते सांगितलं. स्वतःचं आधी सांगितलं. बाबा जेवायचे थांबले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुला आहे म्हणून मला असेल असं?"

"असेलच असं नाही. रक्त बघू."

यावर आई आत गेली आणि कपाटाच्या वरच्या खणातून एक डबा घेऊन आली. डब्यात गोळ्यांची पाकिटं होती आणि टॉनिकची एक बाटली. तिने तो आत्यापुढे ठेवला.

"हेही बघा, ताई. रोज घेतात."

आत्याने पाकीट उचलून मागचं वाचलं. लोहाच्या गोळ्या होत्या. तिने दुसरं वाचलं. त्याही लोहाच्याच. टॉनिकमध्येही लोह.

"कधीपासून?"

बाबा ताटाकडे बघत होते. "झाली काही वर्षं. थकवा यायचा."

"कुणी दिल्या?"

"कुणी कशाला? तूच लिहिलं होतंस ना मागे वर्तमानपत्रात. थकवा वाटत असेल तर लोह."

"थकवा वाटत असेल तर लोह तपासून घ्या, असं होतं ते."

"हो, पण मथळ्यात तपासून नव्हतं."

आत्याने गोळ्या डब्यात होत्या तशा परत ठेवल्या, डबा पर्समध्ये घातला आणि बाबांना म्हणाली, उद्या सकाळी काही न खाता ये. मग ती वर जायला निघाली. थोड्या वेळाने मी कपडे वाळत घालायला गच्चीवर चालले होते, तर ती आमच्या आणि तिच्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. पर्स मांडीवर. मी पायरीवर तिच्याशेजारी टेकले.

"तुझे बाबा माझं ऐकतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. टॉनिक आहे म्हणायचे."

"मला वाटायचं, मी बोलते आणि तो वाऱ्यावर सोडतो." तिने पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली. "वाऱ्यावर सोडलं असतं तर बरं झालं असतं."

बाबांचा आकडा इतका वर होता की नव्या यंत्राला तो वाचताच आला नाही. नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागला. यकृत कडक व्हायला लागलं होतं, पण डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचं तर अजून परतीची वाट होती. माझीही तपासणी झाली. माझ्यात त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत आहे, बाबांकडून आलेली, आणि आईकडून आलेली दुसरी चांगली आहे. दार लावायला एक पुरते.

बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "औषध काय घ्यायचं?"

"औषध नाही. रक्त काढायचं."

"ते काढलं ना. त्यानंतर?"

"त्यानंतर परत काढायचं. दर आठवड्याला एक पिशवी."

लोह रक्तात असतं, रक्त काढलं की शरीर साठ्यातलं लोह वापरून नवीन रक्त बनवतं, असा हिशोब. बाहेर जायला दार नाही म्हणून भिंत फोडायची. हा इलाज फार जुना वाटतो आणि आहेच. बाबांना सुईची भीती वाटायची. आयुष्यभर नवशिक्यांच्या शेजारी बसून भर रस्त्यात फिरलेला हा माणूस, पण खुर्चीला डोकं टेकून डोळे घट्ट मिटायचा आणि नर्सला विचारायचा, "झालं का?" तिने पट्टासुद्धा बांधलेला नसायचा. आत्याचा साठा कमी होता, तिला महिन्याला एकदा पुरायचं. तरी ती दर आठवड्याला त्यांच्याबरोबर जायची आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहायची. डॉक्टरांनी दोघांनाही जेवणासोबत चहा प्यायला सांगितलं होतं. आत्या तो औषधासारखा प्यायची, नाक मुरडून.

याच दिवसांत ती विभागप्रमुखांकडे गेली. मुलींचे मूळ आकडे, वजाबाकी करायच्या आधीचे, तिने जपून ठेवले होते. ते घेऊन तिने हिशोब पुन्हा केला होता. वजाबाकी काढून टाकल्यावर दिवसाआडवाल्या मुलींचा साठा रोजवाल्यांच्या बरोबरीने वाढलेला निघाला. निम्म्या गोळ्यांत. जग बरोबर होतं.

विभागप्रमुखांनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"बाई, लेख छापून आठ-नऊ महिने झाले. कोण बघतंय आता? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, खाली मुली रोज गोळी घेताहेत."

"घेऊ देत की. गोळ्याच आहेत, विष नाही."

"त्यांना मळमळतंय."

"मळमळ सगळ्यांनाच होते हो."

"निम्मे दिवस नाही झाली तरी चालण्यासारखं आहे," आत्या म्हणाली, "आणि ती माझ्यामुळे होतेय."

विभागप्रमुखांनी तिला समजावलं की अशाने संस्थेचं नाव जाईल, यंत्र घेतलं त्याची चौकशी होईल, आणि तिच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. आत्या म्हणाली, हे सगळं खरं आहे. मग तिने दुरुस्ती पाठवली. विभागप्रमुख तिच्याशी काही महिने बोलले नाहीत, आणि त्या काळात तिचं काम बरंच पुढे सरकलं, असं ती सांगते.

दुरुस्ती छापून आली ती पानाच्या तळाशी, चार ओळींत. तुलनेसाठी वापरलेला नमुना ज्या व्यक्तीचा होता ती व्यक्ती निरोगी नसल्याचे नंतर आढळल्यामुळे निष्कर्ष बदलण्यात येत आहे. बाबांनी ते मोठ्याने वाचलं.

"माझी बहीण निरोगी नाही, हे छापून आलं एकदाचं. मी लहानपणापासून सांगतोय."

"तुझं नाही आलं छापून," आत्या म्हणाली. "तू माझ्यापेक्षा वाईट आहेस."

दवाखान्यातली गोळी एक दिवसाआड झाली. मुलींना त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. एका मुलीने फक्त नर्सला विचारलं, गोळ्यांचा तुटवडा आहे का.

बाबांच्या पिशव्या चालू राहिल्या. रंग हळूहळू उतरला तशी माणसं विचारायला लागली, आजारी होतात का. बोटं पुरती सुधारली नाहीत, पण मूठ पूर्वीपेक्षा वळायला लागली. आणि मग एका दिवशी रक्त देऊन परत येताना चौकाच्या अलीकडे बाबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी फुटपाथवर चढली आणि अगदी सावकाश दिव्याच्या खांबाला टेकून थांबली. पुढचा एक दिवा फुटला. आत्या शेजारी होती, तिला काही झालं नाही. गाडीच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी होती, त्यामुळे रस्त्यावरचं कुणी काही बोललं नाही. एका माणसाने तर खिडकीतून डोकावून बाबांना धीर दिला, "होतं असं सुरुवातीला."

रक्त काढल्यावर लगेच गाडी चालवायची नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांनी ते ऐकलं नव्हतं. आत्याच्या लक्षात आलं की त्यांना ऐकायला लावायचं तर दुसरं कुणीतरी गाडी चालवायला हवं. आई चालवायला बसणं शक्यच नव्हतं, मी नोकरीमुळे त्या वेळेला मोकळी नसायचे. तेव्हा आत्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचं ठरवलं.

"कुणाकडे शिकणार?" बाबांनी विचारलं.

"तुझ्याकडे. दुसरीकडे कशाला पैसे घालवू?"

बाबांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. आत्याच्या शिकवणीत तो झिजला, असं ते म्हणतात. आत्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची. क्लच सोडताना हळू का, किती हळू, हळू म्हणजे नेमकं काय. बाबा ओरडायचे, ती गाडी बाजूला घेऊन बंद करायची आणि म्हणायची, आता नीट सांग. घरी येऊन दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे. परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. परीक्षकाने थांब म्हटलं तेव्हा तिने कशासाठी असं विचारलं होतं. दुसऱ्या वेळी पास झाली. बाबांनी पेढे वाटले नाहीत, पण शाळेच्या जाहिरातीच्या फलकावर 'कोणत्याही वयात' हे दोन शब्द रंगवून घेतले.

आता साठा खाली आलाय, दोघांनाही तीन-चार महिन्यांतून एकदाच जावं लागतं. सुरुवातीला बाबांची पिशवी फेकून द्यायचे. बाबांना ते फार लागलं होतं. "चांगलं रक्त आहे हो," ते नर्सला म्हणायचे. आता आकडे ठीक झाल्यापासून रक्तपेढी त्यांचं रक्त घेते, कुणाला तरी चढवते, आणि बाबा बिस्किटं मागून घेतात.

गेल्या खेपेला मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. परतताना आत्या चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, कोपराच्या खळग्यात कापूस दाबून. मी मागे. दुपार होती, रस्ता तापलेला. आत्या मन लावून, दोन्ही हातांनी चाक धरून, वेगाच्या मर्यादेच्या बरीच खाली चालवत होती. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या.

"जरा दाब," बाबा म्हणाले.

"कशाला? पुढे सिग्नल आहे."

"सिग्नल लांब आहे, ताई."

"आहे ना पण."

थोड्या वेळाने मी पुढे वाकून पाहिलं तर त्यांना झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, आणि पाय दुसऱ्या ब्रेकपासून पार मागे, सीटखाली गेलेले. इतक्या वर्षांत शिकवणाऱ्याच्या जागेवर ते कधी झोपले नव्हते.

आत्यानेही ते पाहिलं असावं. तिने त्यांच्या बाजूची काच वर केली. मग आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवा हिरवा झाला की सांग गं. उन्हात मला काही दिसत नाहीये."